मिउरा, काझुयोशी

(२६ फेब्रुवारी १९६७ – ). जपानी व्यावसायिक फुटबॉलपटू व आघाडीचा खेळाडू. जपानमध्ये ‘किंग काझू’ या नावाने सर्वपरिचित. १९८६ मध्ये त्याने ब्राझीलमधील सँटोस क्लबशी पहिला व्यावसायिक करार केला आणि त्यानंतर जवळजवळ चार दशके तो मैदानावर टिकला. जपानबाहेर त्याचे नाव बातम्यांत येते ते बहुतेक वेळा वयाच्या विक्रमांसाठी. या विक्रमांचे कौतुक रास्त असले, तरी त्यांच्यामुळे त्याची खरी कामगिरी मागे पडली आहे. ती १९९० ते १९९७ या सात वर्षांतली आहे.

मिउराचा जन्म शिझुओका येथे झाला. हा प्रांत जपानी शालेय फुटबॉलचे माहेरघर समजला जातो. मात्र त्या काळी जपानमध्ये व्यावसायिक लीग नव्हती. १९६५ पासून चालत आलेल्या जपान सॉकर लीगमध्ये मोठ्या कंपन्यांचे संघ खेळत आणि बहुतेक खेळाडू त्या कंपन्यांचे पगारी नोकर असत. फुटबॉलवर पोट भरायचे तर देश सोडणे भाग होते. १९८२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, शाळा अर्ध्यावर टाकून मिउरा साओ पावलोला गेला आणि तिथल्या जुवेंटस क्लबच्या युवा संघात दाखल झाला (इटलीतील प्रख्यात क्लबशी याचा नावापुरताच संबंध). सँटोसनंतर तो लहानमोठ्या अनेक ब्राझीलियन संघांकडून खेळला. १९८८ मध्ये जाऊ या गावच्या संघाकडून त्याने बलाढ्य कोरिंथियन्सविरुद्ध गोल केला, तेव्हा ब्राझीलच्या वृत्तपत्रांना या जपानी पोराची दखल घ्यावी लागली. डाव्या बगलेवरून चेंडूवर पाय फिरवत बचावपटूला चकवण्याची त्याची लकब याच वर्षांतली.

१९९० मध्ये तो मायदेशी परतला आणि योमिउरी क्लबकडून खेळू लागला. हाच संघ पुढे वर्दी कावासाकी झाला. परतण्याची वेळ अचूक ठरली, कारण जपानमध्ये व्यावसायिक लीगची तयारी तेव्हा सुरू होती आणि तिला चेहरा हवा होता. १५ मे १९९३ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर ५९,६२६ प्रेक्षकांसमोर या नव्या लीगचा, म्हणजे जे-लीगचा, पहिला सामना झाला. त्यात वर्दी योकोहामा मारिनोसकडून १–२ असा हरला. परंतु १९९३ व १९९४ ही पहिली दोन्ही विजेतेपदे वर्दीनेच पटकावली. पहिल्या हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिउराला मिळाला आणि तो घ्यायला तो लालभडक सूट घालून आला. गोल केल्यावर पाय नाचवत, कंबर हलवत शेवटी बोट रोखण्याचा ‘काझू डान्स’ तर शाळाशाळांतून पोरे करू लागली. शिस्तीच्या, खालमानेच्या क्रीडासंस्कृतीत हा नखरा अनेकांना खटकला. तरी नव्या लीगला प्रेक्षक मिळवून देण्यात या नखऱ्याचा वाटा मोठा होता.

राष्ट्रीय संघाकडून त्याने ८९ सामन्यांत ५५ गोल केले. १९९२ मध्ये हिरोशिमा येथील आशिया चषकात इराणविरुद्ध सामना संपत आला असता त्याने केलेल्या गोलमुळे जपान उपांत्य फेरीत पोहोचला आणि पुढे प्रथमच आशियाई विजेता ठरला. विश्वचषकाने मात्र त्याला दोनदा हुलकावणी दिली.

पहिली वेळ २८ ऑक्टोबर १९९३, दोहा. तीनच दिवसांपूर्वी मिउराच्या गोलवर जपानने दक्षिण कोरियाला हरवले होते. इराकला हरवले की १९९४ च्या विश्वचषकाचे तिकीट नक्की होते. पाचव्याच मिनिटाला मिउराने गोल केला. जपान २–१ असा पुढे असताना भरपाई वेळेत कॉर्नरवरून इराकने बरोबरी साधली आणि गोलफरकाच्या हिशेबात जपान बाहेर पडला. ‘दोहाची शोकांतिका’ हा शब्दप्रयोग जपानमध्ये आजही वेगळे स्पष्टीकरण न देता वापरला जातो.

दुसरी वेळ अधिक क्रूर होती. १९९७ च्या पात्रता फेरीत मिउराने मकाऊविरुद्ध एकाच सामन्यात सहा आणि उझबेकिस्तानविरुद्ध चार गोल केले. त्यानंतर मात्र त्याचे गोल आटले. नोव्हेंबरमध्ये मलेशियातील जोहोर बाहरू येथे इराणविरुद्धच्या निर्णायक लढतीत प्रशिक्षक ताकेशी ओकादा यांनी आघाडीचे दोन्ही खेळाडू एकदम बदलले. ‘मी?’ असे विचारत स्वतःकडे बोट दाखवणारा मिउरा दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिला. जपान जादा वेळेत ३–२ असा जिंकून प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. २ जून १९९८ रोजी, संघ स्वित्झर्लंडमध्ये सराव करत असताना, ओकादा यांनी वगळलेल्या तीन खेळाडूंची नावे जाहीर केली. त्यांत मिउरा होता. केस सोनेरी रंगवून तो मायदेशी उतरला. फॉर्मचा विचार करता निर्णयाचे समर्थन करता येते. पण फ्रान्समध्ये जपान तिन्ही सामने हरला आणि केवळ एकच गोल करू शकला, त्यामुळे हा वाद कधी मिटलाच नाही.

या दोन प्रसंगांच्या दरम्यान, १९९४-९५ च्या हंगामात, तो जेनोआकडून खेळला. इटलीच्या सेरी आ स्पर्धेतला तो पहिला जपानी खेळाडू. मिलानविरुद्धच्या पदार्पणातच त्या संघाचा बचावपटू फ्रँको बारेसीशी टक्कर होऊन त्याचे नाक मोडले. हंगामातला एकमेव गोल त्याने शहरातल्याच सॅम्पदोरियाविरुद्ध केला. आकडे यथातथाच असले, तरी हिदेतोशी नाकाता आणि त्याच्यानंतरच्या जपानी खेळाडूंसाठी इटलीची वाट आधी त्याने चालून पाहिली होती. परतल्यावर १९९६ मध्ये २३ गोलांसह तो जे-लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

झाग्रेब, क्योटो आणि कोबे असा प्रवास करत २००५ मध्ये तो योकोहामा एफसी या दुसऱ्या श्रेणीतील क्लबमध्ये आला. २००७ मध्ये अव्वल श्रेणीच्या अखेरच्या फेरीत तळाला असलेल्या योकोहामाने उरावा रेड्सला १–० असे हरवून त्यांचे विजेतेपद हिरावले. त्या गोलसाठी डावीकडून चेंडू पुरवणारा मिउरा तेव्हा चाळीस वर्षांचा होता. उत्तरार्धातील त्याची ही सर्वांत मोलाची कामगिरी म्हणावी लागेल. २०१२ मध्ये तो जपानच्या फुटसाल (पाच-पाच खेळाडूंचे बंदिस्त मैदानावरील फुटबॉल) संघातून त्या खेळाच्या विश्वचषकातही खेळला.

मार्च २०१७ मध्ये, पन्नाशी ओलांडून आठवडा होताच, त्याने सर्वाधिक वयात व्यावसायिक सामना खेळण्याचा इंग्लिश फुटबॉलपटू स्टॅनली मॅथ्यूज यांचा विक्रम मोडला आणि लगेच पुढच्या आठवड्यात गुन्माविरुद्ध गोलही केला. ११ क्रमांकाच्या जर्सीवरून योकोहामा एफसी त्याच्या कराराची घोषणा ११ जानेवारीला ११ वाजून ११ मिनिटांनी करत असे. शेवटच्या काही हंगामांत मिळणारी मोजकी मिनिटे प्रसिद्धीसाठीच होती, ही टीका निराधार नव्हती. पुढे तो थोरला भाऊ यासुतोशी सांभाळत असलेल्या सुझुका संघात आणि २०२३ मध्ये पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीतील ओलिवेइरेन्समध्ये उसनवारीवर गेला. २०२४ मध्ये तो सुझुकाला परतला आणि ५८ व्या वर्षीही त्या संघाकडून बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला.