चेन ढिली झालीय की लांब झालीय?

पोकलेनची चेन लोंबायला लागली की आपल्याकडे इलाज एकच, ग्रीस गन आण. कराडपासून जतपर्यंत कुठल्याही साइटवर बघा, ऑपरेटर चार पंप मारतो, चेन ताठ दिसते, मालक निवांत. लोंबणाऱ्या चेनची कारणं मात्र दोन असतात आणि ग्रीस त्यातल्या एकाचंच औषध आहे.

ताण कमी होणं हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा थोडक्यात. ग्रीस सिलिंडर आयडलर, म्हणजे चेनच्या पुढच्या टोकाचं चाक, ढकलतो आणि चेन ताणली जाते. झोल किती ठेवायचा ते आपल्या मशीनच्या पुस्तकात बघा, शेजारच्या ऑपरेटरला विचारू नका. कोमात्सु पीसी २०० ला तो वरच्या बाजूला, आयडलर आणि कॅरियर रोलर (चेनची वरची बाजू पेलणारा रोलर) यांच्या मधे मोजतात आणि १० ते ३० मिलिमीटर ठेवतात. हिताचीच्या २० टनी मशीनला एक बाजू उचलून खाली फ्रेमपासून मोजतात, तिथं आकडा ३०० च्या पुढं जातो. मोजायची जागाच वेगळी, मग आकडे जुळतील कसे? आणि चेन ढिली करायला ग्रीस सोडताना व्हॉल्व्ह एका आट्यापेक्षा जास्त फिरवू नका, तोंड तर समोर नेऊच नका. त्या दाबाचं ग्रीस कातडीत घुसतं.

आता खरा घोळ. चेन 'वाढली' म्हणतात तेव्हा लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक सांध्यात पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासून झिजतात आणि तेवढं अंतर त्या सांध्यात वाढतं. २० टनी मशीनच्या नव्या चेनचा पिच, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, १९० मिलिमीटर. एका सांध्यात २ मिलिमीटर वाढले तर डोळ्याला काही कळत नाही. पण ४५ लिंकच्या चेनला ते ९० मिलिमीटर होतात. तुम्ही ग्रीस भरता, आयडलर साधारण ४५ मिलिमीटर पुढं सरकतो, झोल गायब. फसगत इथंच होते, कारण चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात अजून १९० चेच आहेत आणि चेन झालीय १९२ ची. बुश खाचेत बसायचा सोडून दातावर चढतो आणि खरडत खाली उतरतो. मशीन चालताना कटकट आवाज येतो, दात टोकदार होत जातात. अशी चेन आणखी आवळली की सांध्यांवरचा दाब वाढतो आणि झीज उलट पळायला लागते.

म्हणून ग्रीस गनच्या आधी टेप काढा. मास्टर पिन (चेन जिथं जोडतात-सोडतात ती पिन) सोडून चार लिंक मोजा, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. चेन ताठ असतानाच मोजायचं, नाहीतर सांध्यातला झोल टेपवर येतच नाही. नव्या चेनला ७६० भरतात. ७७० च्या आसपास गेलात की चेन संपत आली समजा, नेमकी मर्यादा पुस्तकात असते. त्याच्या बरंच आधी लक्षात आलं तर पिन-बुश प्रेसवर अर्धा फेरा फिरवून घेता येतात, कारण ते एकाच अंगाला झिजतात. बुशला चीर गेल्यावर प्रेसवाल्याकडे जाऊन उपयोग नाही.

नवी चेन घालून जुना टोकदार स्प्रॉकेट तसाच ठेवणाऱ्यांबद्दल मी काय बोलू! पैसे वाचले म्हणतात आणि नव्या बुशची वाट लावतात.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत तिसराच प्रकार होतो. मिरजेच्या, वाळव्याच्या मळ्यात चिखल स्प्रॉकेटच्या खाचेत घट्ट बसतो आणि चेन आपोआप आवळली जाते. तिथं झोल थोडा जास्तच हवा. संध्याकाळी खोरं घेऊन चिखल काढायचा, सकाळपर्यंत थांबलात तर तो दगड होतो. माण-खटावच्या मुरमात हा त्रास नाही, पण तिथं झीज लवकर होते, म्हणून टेप लवकर लवकर लावा.

सेकंडहँड मशीन बघायला गेलात तर ताठ चेनवर भुलू नका. विकणाऱ्यानं आदल्या रात्री ग्रीस मारलेलं असणारच. आयडलर किती पुढं आलाय ते बघा. सरकायला जागाच उरली नसेल तर दोन्ही चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट यांचे पैसे भावातून आधी वजा करा, मग चहा घ्या.