फासा केव्हा टाकायला लावावा : नव्या सूत्रधारांसाठी माहितीपत्रक

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या दुकानातून रोल-प्लेइंग गेमचा (म्हणजे सूत्रधार गोष्ट सांगत डाव चालवतो आणि बाकीचे गडी तिच्यातली पात्रे होऊन खेळतात, अशा खेळाचा) संच नेलेले ग्राहक पुन्हा भेटतात, तेव्हा बहुतेकांचे म्हणणे एकच असते, की नियम पाठ झाले तरी डाव मध्येच अडतो. आमच्या अनुभवात हा दोष नियमांचा नसून भलत्या वेळी फासा टाकायला लावण्याचा असतो.

संचात चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा प्रत्येकी एक व दहा बाजूंचे दोन असे सात फासे आहेत. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा खेळप्रकार रुजला, त्याच्या आजच्या नियमांत यशापयश वीस बाजूंच्या फाशावर ठरते.

समजा, आपले चार गडी देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरले आहेत, मशाल विझत आली आहे आणि वर जाणारी वाट कपारीआड आहे. ती सापडण्यासाठी १५ किंवा त्याहून मोठे दान हवे असे आपण ठरवले, तर वीसपैकी सहाच दाने कामाची, म्हणजे यशाची शक्यता अवघी ३० टक्के. एरवी गडी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात आणि सूत्रधार पुन्हा फासा टाकायला लावण्याची सबब शोधू लागतो. ज्या वाटेवाचून कथाच पुढे सरकणार नाही, ती सापडू द्यावी. फासा वेगळ्या प्रश्नासाठी राखावा : तोवर मशाल टिकली का, छताची वटवाघळे उठली का, त्या फडफडीने वरचा पहारेकरी सावध झाला का? मग दान चुकले तरी गडी वर पोहोचतात, मात्र अंधारात, आणि समोर भाला रोखलेला असतो.

दान चुकल्यास काय होईल, हे फासा हातात देण्यापूर्वीच सांगावे. सांगण्यासारखे काही नसेल, तर फासा देऊ नये. वर्णन दोन-तीन वाक्यांत आटोपून ‘आता तुम्ही काय करता?’ असे विचारावे, आणि एखादा गडी गप्पच असेल, तर त्याच्या पात्राचे नाव घेऊन विचारावे. नियमावरून वाद झाल्यास तिथल्या तिथे निर्णय देऊन पुस्तक डाव संपल्यावर उघडावे.

पात्रांचे कोरे कागद पेन्सिलीनेच भरावेत, कारण प्राणबिंदू, म्हणजे पात्रात किती जीव उरला आहे तो आकडा, प्रत्येक लढाईत खोडावे लागतात. खाण्याची ताटली मात्र चटईच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी. तेलाच्या डागावर पेन्सिल उमटत नाही.