डेअरीचा कन्सेन्ट अर्ज परत का येतो? ईटीपी, पाण्याचा हिशोब आणि ते चार महिने

डेअरी टाकायची म्हटलं की लोक एफएसएसएआयचं लायसन्स काढतात, उद्यम नोंदणी काढतात आणि मोकळे होतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेन्ट (संमतीपत्र) वेगळा असतो आणि तो दोनदा घ्यावा लागतो, बांधकामाआधी एस्टॅब्लिश आणि प्लांट सुरू करण्याआधी ऑपरेट. पहिला हातात पडला की दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला सुरुवात करणारे दरवर्षी भेटतात. तसं करू नका बाबांनो.

फॉर्म ऑनलाइन आहे, सातबारा किंवा एमआयडीसीचं अलॉटमेंट लेटर, लेआउट, प्रोसेसचा फ्लो चार्ट, ईटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) डिझाइन, हे सगळे लावतातच. अडतं ते सीएच्या सर्टिफिकेटवर. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, जमीन, इमारत, मशिनरी सगळं धरून आणि घसारा वजा न करता. लोक बॅलन्सशीटमधला घसारा गेलेला आकडा टाकतात, मग क्वेरी येते आणि फी कमी भरली म्हणून फाइल पडून राहते. सीएला सरळ 'ग्रॉस ब्लॉक' लिहून द्या म्हणावं.

दुसरं म्हणजे पाण्याचा हिशोब. डेअरीला 1000 लिटर दुधामागे 3000 लिटर सांडपाण्याची मर्यादा आहे. एका अर्जात मी पाहिलं, रोज 10 हजार लिटर दूध, पाणी घेणार 40 हजार लिटर आणि सांडपाणी फक्त 5 हजार. मग उरलेलं गेलं कुठे? बॉयलर आणि कूलिंग टॉवर एवढं पीत नाहीत, कॅन, टँकर, सीआयपी (मशिनरी न खोलता आतून धुणं), फरशी धुतलेलं पाणी मोजलेलंच नव्हतं.

आणि 'ट्रीट केलेलं पाणी बागेला' असं लिहिताना बाग किती ते बघा. 30 हजार लिटर पाणी 10 गुंठ्यांवर सोडलं तर रोज 30 मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं होतं, श्रावणात काय करणार? जमीन पुरेशी दाखवा, सातबारा जोडा, पावसाळ्यासाठी साठवणीची टाकी दाखवा.

डिझाइनमध्ये बीओडी (सांडपाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) कमी दाखवायचा मोह टाळा. बाहेर पडणाऱ्या पाण्याला लिटरमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ते पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात जात असेल तर मंडळ ती 30 पर्यंत आणू शकतं. दुधाचा स्वतःचा बीओडी लाखाच्या आसपास असतो, म्हणजे 10 लिटर दूध नालीत गेलं की ईटीपीवर किलोभर बीओडीचा बोजा पडला. पनीर करणार असाल तर अर्जातच लिहा, व्हेचा (पनीर काढल्यावर उरणाऱ्या पाण्याचा) बीओडी 30-40 हजारांच्या घरात असतो, नंतर गुपचूप पनीर सुरू केलं की एरेशन टँक (जिथे हवा सोडून बॅक्टेरियांकडून घाण खाऊन घेतात) कोलमडलाच. लॅब रिपोर्टही बघून घ्या, बीओडी 27 डिग्रीला 3 दिवसांचा हवा, जुन्या पद्धतीचा 20 डिग्रीचा 5 दिवसांचा चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ चार महिन्यांचा. कायद्यात आहे की चार महिन्यांत निर्णय नाही झाला तर कन्सेन्ट मिळाला असं मानायचं. पण हे चार महिने *परिपूर्ण* अर्जापासून मोजतात, तुम्ही बटण दाबलं त्या दिवसापासून नाही. एक क्वेरी उत्तराविना राहिली की अर्ज अपूर्ण ठरतो, आणि क्वेरी येते ती पोर्टलवर, कुणी फोन करून सांगत नाही (त्यांचं ते कधीच काम नव्हतं म्हणे). अर्ज नाकारलाच तर अपिलाला 30 दिवस असतात.

आणि ईटीपीतली घाण खाणारे बॅक्टेरिया तुमच्या उद्घाटनाच्या तारखेपर्यंत आपोआप वाढत नाहीत. महिनाभर आधी शेजारच्या चालू ईटीपीतला स्लज (बॅक्टेरियांचा गाळ) टँकरने आणा, नाही मिळाला तर शेणकाला गाळून, गूळ आणि थोडं युरिया-डीएपी घालून ब्लोअर चोवीस तास चालू ठेवा, लाइटबिल बघून रात्री बंद करू नका. रोज एरेशन टँकमधलं लिटरभर पाणी काचेच्या भांड्यात अर्धा तास ठेवा. तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसायला लागलं की मग दूध घ्या.