बाप्सी सिधवा

सिधवा, बाप्सी : (११ ऑगस्ट १९३८–२५ डिसेंबर २०२४). इंग्रजीत लिहिणाऱ्या पाकिस्तानी कादंबरीकार. जन्म कराचीचा, वाढ लाहोरची, कुटुंब पारशी. माहेरचे आडनाव भंडारा. पाकिस्तानातील प्रसिद्ध मद्यनिर्मिती कंपनी ‘मरी ब्रुअरी’ याच भंडारांची. घरात गुजराती, गल्लीत पंजाबी आणि उर्दू, लेखन मात्र इंग्रजीत. फाळणीवर हिंदू, मुसलमान आणि शीख लेखकांनी विपुल लिहिले आहे. या तिघांच्या शेजारात राहणाऱ्या, पण तिघांपैकी कोणातही न मोडणाऱ्या घरातून तो काळ कसा दिसला, हे सिधवांमुळे वाचकांपर्यंत पोहोचले.

वयाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. त्यामुळे शाळा नाही. शिक्षण घरीच, शिकवणीवर. बालपण मोठ्या माणसांत, नोकरचाकरांत आणि पुस्तकांत गेले. फाळणीच्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. रस्त्याने जाताना पोत्यात घातलेले प्रेत पाहिल्याची आठवण त्या पुढे सांगत. लाहोरच्या किनर्ड कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मुंबईत आल्या. हा संसार सुमारे पाच वर्षांत मोडला आणि त्या लाहोरला परतल्या. तिथे नोशीर सिधवा यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

लेखनाची सुरुवात काराकोरमच्या डोंगरात झाली. तिथल्या लष्करी छावणीवर मुक्काम असताना त्यांनी एका मुलीची हकिकत ऐकली. मैदानी पंजाबातली ही मुलगी डोंगरी टोळीत दिली गेली होती. ती पळाली, आणि सासरच्यांनी शोधून काढून तिला मारले. यावर सिधवांनी ‘द ब्राइड’ लिहिली. कादंबरीतल्या झैतूनला मात्र त्यांनी मरू दिले नाही. पहिली लिहिलेली ही कादंबरी छापून आली दुसऱ्या क्रमांकाने, १९८३ मध्ये.

त्याआधीची ‘द क्रो ईटर्स’ (१९७८) त्यांनी लाहोरमध्ये स्वखर्चाने छापली. इंग्रजी कादंबरी काढणारे प्रकाशक तेव्हा तिथे जवळजवळ नव्हतेच. फरेदून जंगलवाला हा मध्य हिंदुस्थानातला पारशी बायको, तान्ही मुलगी आणि सासू जरबानू यांना बैलगाडीत घालून लाहोरला येतो, दुकान थाटतो आणि पुढे समाजाचा मान्यवर होतो. मधल्या काळात विम्याच्या पैशासाठी घर पेटवावे आणि त्याच आगीत सासूचाही निकाल लावावा, असा बेत तो आखतो. आग लागते, पण जरबानू त्यातूनही सहीसलामत सुटते. इतकी खट्याळ पुस्तके दक्षिण आशियाई इंग्रजीत थोडीच असतील. पारशी समाजाला मात्र हा विनोद मानवला नाही. लाहोरच्या प्रकाशन समारंभाला बॉम्बची धमकी आली, आणि ती आपल्यातल्याच कोणाकडून आली असावी असे बोलले गेले. पुढे लंडनच्या प्रकाशकाने आवृत्ती काढली तेव्हा नाराजी ओसरत गेली.

‘आइस-कँडी-मॅन’ (१९८८) ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती; अमेरिकेत ती ‘क्रॅकिंग इंडिया’ या नावाने निघाली. निवेदक लेनी ही पायाने अधू, हट्टी, चौकस पारशी मुलगी. तिची देखणी हिंदू आया आणि बागेत आयेभोवती जमणारे माळी, मालिशवाला, खाटीक, बर्फाच्या कांड्या विकणारा असे सगळ्या धर्मांचे पुरुष, हे तिचे जग. कट्ट्यावरची थट्टामस्करी हळूहळू बदलते. माणसे शेंड्या, पगड्या, टोप्या यांवरून ओळखली जाऊ लागतात. हरी माळ्याचा हिंमत अली होतो. शेवटी आया कुठे लपली आहे हे लेनीच भाबडेपणी खरे बोलून सांगून टाकते. खरेपणा हाच इथे घात करतो, आणि निवेदकच त्यात सामील असल्याने कादंबरी भाबड्या हळहळीत अडकत नाही.

पारशांच्या अलिप्तपणाचीही सिधवा गय करत नाहीत. महायुद्धातील विजयानिमित्त लाहोरच्या पारशांनी केलेल्या जशनच्या (आभाराच्या प्रार्थनेच्या) प्रसंगात, राज्य कोणाचेही येवो, आपण गुमान राहावे, असा सल्ला कर्नल भरूचा देतात. लेनीची आई आणि ‘गॉडमदर’ हा सल्ला आपापल्या परीने मोडतात आणि पळवून नेलेल्या बायकांच्या सुटकेत उतरतात. कादंबरीतले गांधी पोट साफ ठेवण्याचे उपदेश करतात. जिन्नांकडे मात्र सहानुभूतीने पाहिले आहे, आणि त्यांची मुंबईकर पारशी पत्नी रत्ती पेटिट हिचा उल्लेख हळवेपणाने येतो. भारतीय वाचकाला हे खटकू शकते. पण सरहद्दीपलीकडच्या घरात वाढलेल्या लेखिकेकडून वेगळी मांडणी येणार हे गृहीतच धरायला हवे.

दीपा मेहता यांनी या कादंबरीवर ‘अर्थ’ (Earth, १९९८) हा चित्रपट केला. आमिर खान आणि नंदिता दास यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट आयेच्या अपहरणापाशी संपतो. हिरामंडी ही लाहोरची गणिकांची वस्ती, सक्तीचा निकाह, सुटका आणि अमृतसरला पाठवणी हा पुढचा भाग पुस्तकातच वाचावा लागतो. चित्रपटाच्या शेवटी प्रौढ लेनी म्हणून क्षणभर दिसतात त्या स्वतः सिधवा.

१९८० च्या दशकात त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या. ह्यूस्टनसह अनेक ठिकाणी त्यांनी लेखन शिकवले. ‘अ‍ॅन अमेरिकन ब्रॅट’ (१९९३) मध्ये जनरल झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीच्या छायेतून अमेरिकेला पाठवलेली फिरोझा एका ज्यू तरुणाच्या प्रेमात पडते आणि बाहेर लग्न करणाऱ्या पारशी मुलीला धर्मात जागा का नाही, हा प्रश्न घरात उभा राहतो. मुंबईच्या पारशी समाजातही तो अजून पेटता आहे. ही कादंबरी आधीच्या कादंबऱ्यांइतकी धारदार मात्र नाही. ‘वॉटर’ (२००६) चा प्रवास उलटा: दीपा मेहतांच्या चित्रपटावरून कादंबरी. ‘देअर लँग्वेज ऑफ लव्ह’ (२०१३) हा कथासंग्रह. लाहोरविषयीच्या लेखांचे एक संकलनही त्यांनी संपादित केले.

पाकिस्तान सरकारने १९९१ मध्ये त्यांना सितारा-ए-इम्तियाझ हा नागरी सन्मान दिला. स्त्रियांच्या विकासासाठी बेनझीर भुट्टो यांनी नेमलेल्या सल्लागार समितीत त्या होत्या. ह्यूस्टन येथे वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.