कॅसिनो बुफे

जुगारघराच्या आवारात ठरावीक रकमेत हवे तितके खाण्याची सोय. तिचे माहेर अमेरिकेतील नेवाडा राज्याचे लास व्हेगास शहर. सुमारे पन्नास वर्षे हे जेवण बाजारभावापेक्षा स्वस्त मिळत असे, कारण त्याची खरी किंमत जुगाराच्या टेबलावर वसूल होई. ही वसुली जसजशी कमी पडू लागली, तसतसे बुफे महाग झाले आणि 2020 नंतर मोठ्या संख्येने बंद पडले.

उगम

एल रांचो व्हेगास हे पुढे ‘स्ट्रिप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या रस्त्यावरचे पहिले कॅसिनो-हॉटेल 1941 मध्ये सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तेथे मध्यरात्रीनंतर एका डॉलरमध्ये पोटभर जेवण मांडले जाऊ लागले. या कल्पनेचे श्रेय मालक बेल्डन कॅटलमन आणि प्रसिद्धीचे काम पाहणारा हर्ब मॅकडोनाल्ड या दोघांनाही दिले जाते. मॅकडोनाल्डने एका रात्री स्वतःसाठी पाव, चीज आणि थंड मांसाचे काप बारवर ठेवले व येणारेजाणारे खेळाडू त्यावर तुटून पडले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तिच्यातली व्यावसायिक मेख अचूक आहे. रात्री एक वाजता भूक लागलेला खेळाडू बाहेर पडला तर परत येईलच याची खात्री नसते.

तो एक डॉलर आजच्या साधारण 13 ते 16 डॉलरइतका होतो. म्हणजे बुफे स्वस्त होता, पण अगदीच कवडीमोल नव्हता. कवडीमोल म्हणावे असे उदाहरण शहराच्या जुन्या भागातील गोल्डन गेट कॅसिनोत होते. तेथे 1959 पासून उंच काचेच्या पेल्यात कोळंबीचे कॉकटेल 50 सेंटला मिळे. खाली सॅलडच्या पानांची भर न घालता पेला कोळंबीनेच भरलेला असे. तब्बल 32 वर्षांनी, 1991 मध्ये, भाव 99 सेंट झाला. महागाईच्या हिशेबाने तोवर तो सव्वादोन डॉलरच्या पुढे जायला हवा होता. मधली तूट कॅसिनो जाणूनबुजून सोसत होता. 2008 मध्ये भाव 1.99 डॉलर झाला, पुढेही वाढत राहिला आणि 2017 मध्ये हा पदार्थच तेथून गेला.

कॉम्पचा हिशेब

कॅसिनोने खेळाडूला दिलेल्या फुकट जेवणाला वा खोलीला ‘कॉम्प’ म्हणतात. ते मेहेरबानी म्हणून दिले जात नाही, त्यामागे गुणाकार असतो: सरासरी पैज × तासाला डाव × खेळलेले तास × कॅसिनोची टक्केवारी (पैजेतला त्याचा सरासरी वाटा). येणाऱ्या रकमेला खेळाडूचे अपेक्षित नुकसान म्हणतात. प्रत्यक्षात तो जिंकला की हरला, याचा येथे संबंध नसतो. समजा, एखादा 25 डॉलरच्या पैजेने ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ खेळतो, तासाला 70 डाव होतात, तो चार तास बसतो आणि कॅसिनो त्याच्या खेळाला दीड टक्का धरतो. एकूण पैज 7000 डॉलर, अपेक्षित नुकसान 105 डॉलर. त्यातले साधारण 20 ते 40 टक्के कॉम्पच्या रूपाने परत मिळतात. 30 टक्के धरले तर सुमारे 31 डॉलर. बुफे आठ डॉलरचा होता तेव्हा एवढ्यात चौघांचे जवळपास भागे. तो 80 डॉलरचा झाल्यावर एकाचेही भागत नाही. खेळाची नोंद ठेवणारे कॅसिनोचे प्लेयर्स कार्ड यंत्रात न घालता खेळणाऱ्याच्या खात्यावर यातले काहीच जमा होत नाही. नवख्यांची ही नेहमीची चूक.

मांडणी आणि मुदपाक

जुन्या कॅसिनोंत बुफे मुद्दाम इमारतीच्या मागच्या टोकाला असे. जाताना आणि येताना स्लॉट मशीनच्या रांगांमधून चालावे लागे. पैसे दारातच घेतले जात. पहिल्या टेबलावर सॅलड, पाव, पास्ता, मॅश केलेले बटाटे असे पोट भरणारे आणि स्वस्त पदार्थ; प्राइम रिब (भाजलेले महागडे गोमांस) आणि खेकड्याचे पाय शेवटी. प्राइम रिब गिऱ्हाइकाला स्वतः घेता येत नाही. दिव्याखाली उभा असलेला कार्व्हर ती कापून वाढतो, आणि काप किती जाड पडतो यावर त्या रात्रीचा नफातोटा हलतो. ताटल्याही साध्या जेवणाच्या ताटापेक्षा लहान ठेवतात. दर फेरीला उठावे लागले की तिसऱ्या फेरीनंतर हात आखडतो.

खर्चाची मोठी गळती वाया जाणाऱ्या अन्नात असते. अमेरिकी अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार गरम पदार्थ किमान 57 अंश सेल्सिअसला आणि थंड पदार्थ 5 अंशांच्या आत ठेवावे लागतात. गिऱ्हाइकाच्या ताटात गेलेले अन्न पुन्हा मांडता येत नाही. मोठी भांडी भरलेली दिसली तर बुफे भरघोस वाटतो, पण शेवटच्या अर्ध्या तासात भरलेले भांडे जवळपास सगळे फेकले जाते. म्हणून जाणता शेफ वेळ संपत आली की उथळ, लहान भांडी बाहेर काढतो. ज्याला हे जमत नाही त्याचा बुफे गर्दी असूनही तोट्यात जातो. शहराच्या उत्तरेकडील एक वराहपालन केंद्र कित्येक दशके कॅसिनोंचे हे उरलेसुरले अन्न ट्रकने नेऊन, उकळून डुकरांना घालत आले. 2010 साली उघडलेल्या कॉस्मोपॉलिटन हॉटेलातील विकेड स्पून या बुफेने वेगळा तोडगा काढला: बरेच पदार्थ एकेका माणसापुरत्या वाट्यांत आणि छोट्या कढल्यांत. त्याने मांडणी देखणी झाली आणि नासाडीही घटली.

स्वस्ताईचा शेवट

बुफेच्या महागाईचे खापर करोनावर फोडले जाते. मुळे त्याआधीची आहेत. 1989 मध्ये मिराज आणि 1998 मध्ये बेलाजिओ ही हॉटेले उघडली आणि पर्यटक जुगाराव्यतिरिक्तही पैसे खर्चतो हे दिसले. 1992 मध्ये शेफ वोल्फगँग पक याने सीझर्स पॅलेस हॉटेलाच्या बाजारात स्पागो हे रेस्टॉरंट सुरू केले. पाठोपाठ नामांकित शेफांची रांग लागली. 1990 च्या दशकाअखेरीस स्ट्रिपवरचे जुगाराबाहेरचे उत्पन्न जुगाराच्या पुढे गेले आणि 2019 पर्यंत जुगाराचा वाटा सुमारे एक तृतीयांश उरला. 2000 ते 2005 या काळात मिराज, मँडले आणि सीझर्स या समूहांची विक्री झाली व बहुतेक स्ट्रिप दोन कंपन्यांच्या हाती गेली. यापुढे मुदपाकखान्यालाही आपला नफा वेगळा दाखवावा लागू लागला. 2016 मध्ये तर गाडी उभी करण्याचेही पैसे सुरू झाले.

बुफेंनी यावर शोधलेला उपाय म्हणजे स्वस्ताई सोडून चैन विकणे. सीझर्स पॅलेसने 2012 मध्ये सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलर खर्चून बाकानाल हा बुफे उघडला.

मार्च 2020 मध्ये नेवाडातील सर्व कॅसिनो बंद झाले. 4 जूनला उघडले, पण स्वतः वाढून घेण्याला मनाई होती. विन हॉटेलने तेव्हा वेटरकरवी टेबलावर अमर्याद जेवण देऊन पाहिले, काही आठवड्यांत ते थांबवले आणि जुलै 2021 मध्ये नेहमीचा बुफे परत आणला. बुफेला रोज हजारो पाने उठावी लागतात. गर्दी अर्धी झाली तरी वाफेची टेबले, कार्व्हर आणि भांडी घासणारे तेवढेच लागतात. स्थानिकांची गर्दी असणाऱ्या स्टेशन कॅसिनोंनी आपले बुफे पुन्हा उघडलेच नाहीत. लक्झर येथील बुफे 2025 मध्ये बंद झाला.

त्यातच मालाचे भाव चढले. जून 2022 मध्ये अमेरिकेतील महागाई 9.1 टक्क्यांवर गेली. त्या मार्चमध्ये रशियन मासळीच्या आयातीवर बंदी आली, ऑक्टोबरमध्ये अलास्काने बेरिंग समुद्रातील स्नो क्रॅबचा हंगाम प्रथमच रद्द केला, आणि बुफेचे सगळ्यात मोठे आकर्षण असलेले खेकड्याचे पायच दुर्मिळ झाले. ऑम्लेटच्या टेबलालाही झळ बसली. बर्ड फ्लूमुळे मार्च 2025 मध्ये डझनभर अंड्यांचा सरासरी भाव 6.23 डॉलर झाला. मजुरीचे पारडेही जड झाले: नोव्हेंबर 2023 मध्ये कलिनरी कामगार संघटनेने मोठ्या कंपन्यांशी केलेल्या करारात पाच वर्षांत सुमारे 32 टक्के वाढ ठरली. साध्या रेस्टॉरंटमध्ये माल आणि मजुरी मिळून विक्रीच्या 60 ते 65 टक्क्यांत बसवायची असते. अमर्याद खाण्यात माल हाताबाहेर जातो, त्यामुळे भाव वाढवणे किंवा दुकान मिटवणे एवढेच उरते. बाकानाल आणि विनचे रात्रीचे जेवण आता कर व टिप सोडून 80 डॉलरच्या आसपास जाते, आणि बाकानालमध्ये त्यासाठी दीड तास मिळतो.

बुफेची जागा बहुधा फूड हॉलने, म्हणजे एका छताखालच्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यांनी, घेतली. एआरिया हॉटेलात 2022 अखेर बुफेच्या जागी तसा हॉल आला. अशा हॉलमधले गाळे बाहेरच्या नावांना दिले तर कॅसिनोला भाडे किंवा विक्रीचा हिस्सा मिळतो आणि नासाडीचा भार गाळेवाल्यावर जातो. गिऱ्हाइकाला मात्र एका बर्गरला आणि पेयाला पूर्वीच्या बुफेपेक्षा जास्त मोजावे लागतात.

गोव्यातील पद्धत

पणजीत मांडवीवर नांगरलेल्या कॅसिनोंत बुफे अजून ठळकपणे आहे, मात्र तो वेगळा विकत घेतला जात नाही. दारावर काही हजारांचे पॅकेज घ्यावे लागते. त्यात जेवण, ठरावीक मद्य आणि बऱ्याचदा ‘वन टाइम प्ले’ चिप्स असतात. या चिप्स थेट रोख करून मिळत नाहीत, एकदा पैजेला लावाव्याच लागतात. शाकाहारी आणि जैन जेवणाचे टेबल बहुतेक ठिकाणी स्वतंत्र असते. 1 ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोत खेळासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. पुण्या-कोल्हापूरहून शनिवार-रविवारला येणारे अनेक जण चिप्स संपल्या की थेट जेवणाच्या मजल्यावर जातात आणि पॅकेजचे पैसे तेथे वसूल करू पाहतात.