आगमनकाळ आणि नाताळ: ‘ये’ आणि ‘आला’

डिसेंबर लागला की आपण सरसकट ‘नाताळ आला’ म्हणतो. चर्चच्या दिनदर्शिकेत मात्र 24 तारखेच्या संध्याकाळपर्यंत नाताळ आलेला नसतो. तोवर चालू असतो आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा वाट पाहण्याचा काळ (Advent). हे दोन्ही एकच समजले की दोघांचीही प्रार्थना हातून निसटते, म्हणून हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पाश्चात्त्य परंपरेत आगमनकाळ 25 डिसेंबरच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. त्यातल्या धर्मगुरूंच्या वस्त्रांचा रंग जांभळा, म्हणजे पश्चात्तापाचा आणि वाट पाहण्याचा. अनेकांना वाटतं, ही नुसती सणाची तयारी. पण पहिल्या रविवारी वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्राच्या उताऱ्यात) बाळ येशूचा उल्लेखसुद्धा नसतो. तिथे मोठा झालेला येशू आपल्या पुन्हा येण्याविषयी सांगतो: जागे राहा. म्हणजे हा काळ मागे बेथलेहेमकडे पाहतो तसा पुढे, युगाच्या अंताकडेही पाहतो. प्रार्थनेचा सूर यशया संदेष्ट्याचा, जवळजवळ तक्रारीचा: देवा, आकाश फाडून खाली का येत नाहीस? ज्याच्या घरात आजार आहे, ज्याचा न्याय अडला आहे, त्याला हा सूर शिकवावा लागत नाही.

17 डिसेंबरपासून ही हाक नावं घेऊन मारली जाते. रोमन परंपरेत सात संध्याकाळी, सायंप्रार्थनेतल्या मरियेच्या (येशूच्या आईच्या) स्तोत्राआधी ख्रिस्ताला रोज एका नावाने आळवतात: ज्ञान, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य... आणि 23 तारखेला शेवटचं नाव, इम्मानुएल, म्हणजे आमच्याबरोबर देव. प्रत्येक आळवणीत एक शब्द असतोच: ये.

नाताळात तो शब्द थांबतो. आगमनकाळातल्या रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ग्लोरिया हे देवाच्या गौरवाचं गीत म्हणत नाहीत. जन्माच्या रात्री ते पुन्हा सुरू होतं, कारण ते मुळात मेंढपाळांनी ऐकलेलं देवदूतांचं गाणं आहे. मला मात्र त्याहून हलवून टाकतो तो नंतरचा एक क्षण. विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना एरवी ज्या ओळींना लोक फक्त मस्तक लववतात, तिथे या दिवशी सगळे गुडघे टेकतात. ओळ असते देव मनुष्य झाल्याची. शुभवर्तमानकार योहान ख्रिस्ताला ‘शब्द’ म्हणतो आणि लिहितो, शब्द देही झाला. देही, म्हणजे भूक लागणारा, थंडी वाजणारा, दुसऱ्याने उचलून घ्यावं लागणारा. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून गव्हाणीत ठेवलेला. इथे आधी मागणं नसतं. आधी फक्त पाहणं असतं, आणि आराधना.

आणखी एक गैरसमज: 25 तारखेला सगळं संपतं. खरं तर तेव्हा नाताळाचा काळ सुरू होतो. अष्टक, म्हणजे सणाचे आठ दिवस, 1 जानेवारीपर्यंत चालतं आणि प्रकटीकरणाचा (मागी लोकांना येशूचं दर्शन झाल्याच्या सणाचा) परंपरागत दिवस 6 जानेवारीला येतो. पण या दिवसांत नुसता गोडवा नाही. 26 तारखेला पहिला हुतात्मा स्तेफन याचा सण, धर्मगुरूंची वस्त्रं रक्ताच्या रंगाची, लाल. 28 तारखेला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचं स्मरण. त्या दिवशीही गव्हाणी तिथेच मांडलेली असते, आणि ग्लोरिया म्हटलं जातं.