सीआय आणि ऑटो टेस्टिंग आलं कुठून: रंगीत तालमीपासून पाइपलाइनपर्यंत

पर्वरीच्या आमच्या ऑफिसात नवीन जॉइन झालेलं प्रत्येक पोर पहिल्याच आठवड्यात विचारतं, कोड सगळ्यांच्या सामायिक साठ्यात पुश केला की ही टेस्टची वरात कशाला निघते, माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय ना सगळं. दर वेळी तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतो. सीआय म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन, सगळ्यांचा कोड सारखा एकत्र जोडत राहणं, ऑटो टेस्टिंग म्हणजे तो मशीनने आपोआप तपासणं, आणि या आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची रांग म्हणजे पाइपलाइन.

गोव्यात ज्याने गावच्या जत्रेच्या नाटकात काम केलंय त्याला इंटिग्रेशन वेगळं शिकवायला नको. महिनाभर जो तो आपापल्या घरी नक्कल पाठ करतो, बाहेरून आणलेली नटी शेवटच्या दिवशी उगवते, पेटीवाला त्याहून उशिरा, आणि रंगीत तालमीला कळतं की राजा बोलायला लागलाय आणि प्रधान अजून विंगेत मिशी चिकटवतोय. सॉफ्टवेअर बरीच वर्षं असंच व्हायचं. प्रत्येकाने आपला भाग महिनोन्महिने वेगळा लिहायचा, शेवटी सगळं एकत्र जोडायचं, आणि त्या जोडण्याला आठवडा लागेल की दोन महिने हे कोणीच छातीठोक सांगू शकायचं नाही.

'कंटिन्युअस इंटिग्रेशन' हा शब्द सॉफ्टवेअर डिझाइनवर लिहिणारे ग्रेडी बूच यांनी १९९१ साली वापरला, पण दिवसातून अनेकदा जोडा असं काही त्यांचं म्हणणं नव्हतं. मायक्रोसॉफ्टसारख्या ठिकाणी रोज एक बिल्ड, म्हणजे सगळ्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवायचा, आणि त्यावर स्मोक टेस्ट, म्हणजे मुख्य गोष्टी चालतात का एवढंच झटपट बघायचं, अशी पद्धत होती (हा स्मोक हार्डवेअरवाल्यांचा, बटण दाबायचं आणि धूर येतो का बघायचं).

दिवसातून अनेकदा हा हट्ट एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग, म्हणजे एक्सपी, या छोट्या पावलांनी काम करायच्या पद्धतीवाल्यांचा. क्रायस्लर या मोटार कंपनीत पगाराच्या सिस्टमचं सी-३ नावाचं प्रोजेक्ट अडकलं होतं, तिथे १९९६ मध्ये ही पद्धत काढणारे केंट बेक आले. दोघादोघांनी बसून थोडंसं लिहायचं, लगेच जोडायचं, सगळ्या टेस्ट चालवायच्या, एकही पडली तर आपला कोड परत घेऊन जायचा, असा खाक्या. १९९७ मध्ये ती सिस्टम सुमारे १०,००० लोकांचे पगार काढायला लागली आणि २००० मध्ये प्रोजेक्टच बंद केलं! सवयी मात्र टिकल्या. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की सर्व्हर वगैरे नंतर आले, आधी आली ती रोज जोडायची सवय.

आता टेस्टचं. टेस्टिंग आधीही होतं, पण बरंचसं माणसाच्या हातात, चेकलिस्ट घेऊन एकेक स्क्रीन क्लिक करत बसायचं. बेक यांनी स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेसाठी एसयुनिट हे टेस्ट चालवायचं टूल लिहिलेलं होतं, आणि १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून त्यांनी आणि एरिक गामा या दुसऱ्या प्रोग्रामरने त्याचा जावा भाषेतला अवतार सुरू केला, तोच जेयुनिट. हिरवी पट्टी म्हणजे पास, लाल म्हणजे फेल. दिसायला पोरखेळ, पण मशीनला कळेल असं हो की नाही मिळाल्याशिवाय मशीन आपोआप तपासणार तरी काय?

पुढचं भराभर घडलं. २००० मध्ये सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांचा सीआयवरचा लेख आला, २००१ मध्ये थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीतून क्रूझकंट्रोल, जे कोडमध्ये बदल दिसला की बिल्ड करून निकाल मेल करायचं. २००४ मध्ये तिथल्याच जेसन हगिन्स यांनी ब्राउझर चालवून टेस्ट करणारं सेलेनियम काढलं, नावात टोमणा आहे, पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम चालतं म्हणतात आणि टेस्टिंग टूल विकणाऱ्या बड्या कंपनीचं नाव होतं मर्क्युरी, म्हणजे पारा. मधेच २००६ मध्ये एक्सपीवाले जेम्स शोअर यांनी दाखवून दिलं की जुना कॉम्प्युटर, रबरी कोंबडी आणि टेबलावरची घंटी एवढ्यावर सीआय होतं. कोंबडी ज्याच्या हातात त्याचीच जोडायची पाळी, सगळं पास झालं की घंटी वाजवायची.

सन कंपनीतले कोहसुके कावागुची स्वतःच बिल्ड मोडायचे, त्या त्रासातून २००४ मध्ये त्यांनी हडसन हे सीआय सर्व्हरचं सॉफ्टवेअर सुरू केलं. सन ओरॅकलकडे गेल्यावर नावावरून भांडण झालं आणि २०११ मध्ये त्याचं जेनकिन्स झालं. आमच्याकडेही तेच होतं, टेबलाखालच्या एका जुन्या पीसीवर, आणि पावसात लाइट गेली की यूपीएस बोंबलायचा.

सर्व्हर होता, सवय नव्हती. एका हॉटेल बुकिंगच्या कामात मी आणि दुसरा एक जण तीन आठवडे वेगवेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतींवर, बसलो, दोघांचंही जेनकिन्सवर हिरवं, मग काय, निवांत. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी मर्ज केलं, म्हणजे दोन्ही एकत्र जोडलं, आणि सगळं लाल. मी तारीख दिवस-महिना अशी पाठवत होतो, तो महिना-दिवस अशी वाचत होता, ५ सप्टेंबरचं बुकिंग ९ मेला जाऊन बसलं. चूक एका ओळीची, पण ती शोधायला तीन आठवड्यांचे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, उपसले, आणि घरून आईचा फोनावर फोन, बाबा रे गणपतीवरची फळाफुलांची माटोळी कोण बांधणार. शेवटी शेजारच्या काकांनी बांधली.

२०११ च्या सुमारास ट्रॅव्हिस सीआय ही ऑनलाइन सेवा आली आणि स्वतःचं मशीन ठेवायची कटकट सुटत गेली, कोडच्या शेजारी एक छोटी फाइल ठेवायची, बाकी ते बघतात. २०१३ मध्ये प्रोग्रॅम लागणाऱ्या सगळ्या सामानासकट डब्यात भरून कुठेही चालवणारं डॉकर आलं, मग २०१९ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं स्वतःचं सीआय, गिटहब अॅक्शन्स, सगळ्यांना खुलं झालं, आम्ही आता त्यावरच आहोत. पायऱ्या सांगणारी ती छोटी फाइल (यामल म्हणतात तिला) लिहायला नवख्यालाही एक दुपार पुरते, म्हणून तर सीआय बसवलं म्हणजे झालं असं पोरांना वाटतं. आमच्याकडे ब्रांच दोन दिवसांपेक्षा जुनी दिसली की मीच जाऊन टेबलापाशी उभा राहतो. एक्सपीवाल्यांनी पुढे बिल्ड दहा मिनिटांत आटपायचा दंडक घातला, आमचा आठात होतो, खालच्या गाड्यावर पातळभाजी-पाव सांगून प्लेट हातात येईस्तोवर निकाल मोबाइलवर असतो.